राशीचं पहिलं माप

होळीला नऊ दिवस असताना, बुधवारी सकाळी पावणेआठ वाजता, ब्राह्मणपुरीजवळच्या आमच्या खळ्यात दादर मोजून झाली. नऊ पोती आणि वर सदतीस किलो. हजर होते मी, माझा चुलतभाऊ सुभाष, त्याची आई म्हणजे माझी काकू, आणि थ्रेशरवाला, जो पैसे हातात पडेपर्यंत खळ्यातून हलत नाही. या नऊ पोती सदतीस किलोत एक माप धरलेलं नाही. ते राशीतलं पहिलं. ते काकूने जुन्या लोखंडी मापाने भरलं, ‘लाभ’ म्हणाली, आणि कापडी पिशवीत ओतून पिशवी बाजेवर ठेवली. मग इलेक्ट्रॉनिक काटा लागला आणि ‘एक’पासून मोजणी सुरू झाली.

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. काळ्या जमिनीत, पावसाने सोडून गेलेल्या ओलीवर येते. पाणी मागत नाही, खत फारसं मागत नाही, फक्त पाखरांपासून राखायला माणूस मागते. मधली तीन वर्षं आम्ही दोघा भावांनी मिळून सगळीकडे कापूसच लावला. या वर्षी काकूने हट्ट धरला. ‘मरण्याआधी घरनी दादरनी भाकर खासू,’ म्हणाली. म्हणून सुभाषच्या बाजूला दीड एकर पेरली.

रास उचलून झाली, थ्रेशरवाला पैसे मोजून गेला, आणि सुभाषने पिशवीतून कागद काढला. तो नाशिकला नोकरीला असतो, मुलंही तिकडेच. वाट्याचे सात एकर बारा गुंठे तो विकतो आहे, हे मला दिवाळीपासून माहीत होतं. घेणारा किशोर, आमच्याच बांधाला लागून असलेला तरुण शेतकरी. तोंडी वाटणी वडिलांच्या काळातच झालेली असली तरी सातबारावर दोघांची नावं अजून एकत्र आहेत, म्हणून माझी सही लागते. मी चष्मा लावून मसुदा वाचला. तिसऱ्या पानावर होतं: ‘सदर मिळकतीवर आमच्याशिवाय अन्य कोणाचाही हक्क, हिस्सा अथवा हितसंबंध नाही.’

मी शहाद्याला एका जिनिंगमध्ये एकोणतीस वर्षं हिशेब लिहितो आहे. न वाचता सही केल्याचं मला आठवत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि माझी नजर बाजेकडे गेली.

‘मंग हाई कोणाचं शे?’ मी पिशवीकडे बोट दाखवलं.

सुभाष हसला. ‘दादा, एक माप जवारीसाठे तू मन्हा सौदा मोडशी का?’

‘मोडी नही ऱ्हायनू रे. समजी ऱ्हायनू.’

काकू पोत्याला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘तुन्हा आजाले बी हाई माहीत नव्हतं. तुले काय समजाई?’

आजोबांना माहीत नव्हतं हे मात्र मला माहीत होतं. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत, सतरा. त्यांत बैलाच्या नवीन दोरापासून विहिरीच्या सुरुंगापर्यंत सगळं आहे. पणजोबांचे एकोणतीस एकर आठ गुंठे, त्याचे दोन भाग होऊन आजोबांच्या वाट्याला आलेले चौदा एकर चोवीस, पुढे वडिलांना आणि काकांना सात एकर बारा, सात एकर बारा. दर पिढीला बरोबर निम्मं. गुंठ्याचाही फरक नाही. पण पणजोबांच्या आधी काय, ते वह्यांत नाही. पणजोबांनी जमीन घेतली असं घरात म्हणतात. कोणाकडून, ते कोणी म्हणत नाही. आणि दर वर्षी राशीचं पहिलं माप धडगावच्या पलीकडे डोंगरातल्या एका पावरा कुटुंबाकडे जातं, ते तर सतरा वह्यांत कुठेच नाही. जमीन निम्मी निम्मी होत गेली. खळं एकच राहिलं, दादरीची रास एकच राहिली, आणि लाभ कधी निम्मा झाला नाही.

हा हंगाम आला की मला एकतीस वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. मी नुकताच बी. कॉम. झालो होतो आणि जगातली प्रत्येक गोष्ट दोन रकान्यांत बसते अशी माझी खात्री होती. त्या वर्षी दादर डोक्याच्या वर गेली होती. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली की कणसांवरून पाखरांची चादर उठायची आणि शेजारच्या वावरात जाऊन बसायची. तिकडचा माणूस गोफण फिरवायचा, की परत आमच्याकडे. दिवसभर दोन वावरं पाखरं एकमेकांकडे पाठवत असायची. कापणी झाली, खळं शेणाने सारवलं, बैल फिरले. वाऱ्यावर उपणताना भुसा अंगावर बसायचा आणि मानेला खाज सुटायची. ती खाज मला अजून आठवते. दादरीचा वासही. उन्हात तापलेल्या दाण्याचा, किंचित गोड, गुळासारखा नव्हे, दुधासारखाही नव्हे. कसा ते मला सांगता येत नाही.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय प्लास्टरमध्ये होता. ते खळ्याच्या कडेला बाजेवर बसून होते. माप धना भरत होता. धना आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राहिलेला. माझ्या जन्माच्या आधीपासून तोच. मी नवी वही घेऊन उभा. धनाने पहिलं माप भरलं, हाताने वरचा दाणा सपाट केला, आणि तो तोंड उघडणार तोच मी मोठ्याने म्हणालो, ‘एक!’

 धना आबांकडे बघू लागला.

‘मांगे वत,’ आबा म्हणाले.

धनाने माप राशीत परत ओतलं.

‘आबा, लाभ म्हणजेच एक ना? बठ्ठास्ना खयामा तसंच मोजतस. लाभ, दोन, तीन,’ मी म्हणालो. सगळ्यांच्या खळ्यात पहिल्या मापालाच लाभ म्हणतात.

‘बठ्ठास्ना खयामा मोजू दे. आपला खयामा लाभ म्हणजे लाभ. मंग एक.’

‘पण लाभ म्हणजे कितला?’

 आबा चिडले नाहीत. ‘तितला,’ म्हणाले.

धना खाली बघून हसत होता. त्याने पुन्हा माप भरलं, ‘लाभ’ म्हणाला, बाजूला पिशवीत ओतलं, आणि मग मला म्हणाला, ‘लिख आते, साहेब. एक.’ पुढे वर्षभर तो मला साहेब म्हणायचा. बैल पाण्यावर न्यायचे असले तरी, ‘साहेब, एक बैल, दोन बैल, बरोबर शे ना?’

आबांचा पाय मोडलेला, त्यामुळे लाभ पोचवायला मला जावं लागलं. निघताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. बाहेर जो येईल त्याच्या हातात द्यायची. आणि पिशवी परत मिळेल ती घेऊन यायची. वजन करू नको हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज पडेल असं त्यांना वाटलं नसावं. मी शहाद्याला एका किराणा दुकानात पिशवी काट्यावर ठेवली. तीन किलो आठशे ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, ‘विकायची का?’ मी भाव विचारला आणि गणित केलं. एसटीचं भाडं, धडगावहून जीप, परतीचं तेवढंच: त्या दादरीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. मला हे इतकं चुकीचं वाटलं की मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. रकाना नव्हता, म्हणून शेवटच्या पानावर.

घाटात पळस पेटलेला होता. जीपमध्ये मी धरून एकवीस माणसं होतो आणि टपावर दोन ढोल. होळीच्या आधीचा मोठा बाजार, भोंगऱ्या, दोन दिवसांवर होता. पाड्यावर पोचलो तेव्हा वेस्ता नावाचा चाळिशीचा माणूस मोहाच्या झाडाखाली टोपली विणत बसला होता. त्याच्या हातात मी पिशवी दिली. त्याने ती घरात नेली, रिकामी करून आणली. मी विचारलं, ‘हे कशाचं देतो आम्ही?’

त्याला मराठी थोडं येत होतं. तो हसला. ‘तुझ्या बापाला विचार.’

घरी येऊन आबांना विचारलं. ते म्हणाले, ‘त्यासले इचार.’

परत आलेल्या पिशवीत तळाला मूठभर दादर होती. आईने ती अंगणात चिमण्यांना टाकली. दर वर्षी टाकायची.

त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं. आबा गेल्यावर लाभ पोचवायची जबाबदारी माझ्यावर आली, पण तोपर्यंत वेस्ताची नात सविता धडगावला एका सरकारी कचेरीत लागली होती आणि कामाने शहाद्याला यायची. स्टँडवर पिशवी द्यायची, चहा प्यायचा, मागची पिशवी घ्यायची. पाच मिनिटांचं काम. न समजलेली गोष्ट सोपी झाली की ती समजल्यासारखी वाटते. मलाही तसंच वाटत होतं, तिसऱ्या पानावरचं ते वाक्य वाचेपर्यंत.

बुधवारी दुपारी मी जेवलो नाही. बायको म्हणाली, ‘भेट शे, दी टाका.’ पण भेट असती तर कधी कमी, कधी जास्त, कधी कापड, कधी गूळ दिला असता. शंभरेक वर्षं तेच माप, तोच दाणा, याला भेट म्हणत नाहीत. मजुरी म्हणावी तर काम कोणतं? त्या घरातलं कोणी आमच्या वावरात राबल्याचं काकूलाही आठवत नाही. मग जमिनीचा खंड, म्हणजे वापराचं भाडं, असेल का?  खंड असेल तर जमीन कोणाची? पण कापसाच्या तीन वर्षांत आम्ही काही पाठवलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. पीक चुकलं म्हणून खंड चुकत नाही. मी कागदावर लिहीत गेलो आणि खोडत गेलो. शेवटी कागदावर फक्त खोडलेलंच राहिलं.

सुभाषने चिडून विचारलं, ‘त्यासनी कधी काही मांगं का?’

‘नही.’

‘मंग?’

‘मांगं नही म्हणजे नही शे, असं व्हत नही.’

‘दादा, किशोर गुढीपाडव्यापर्यंत थांबी. मंग तो दुसरीकडे घेई. मी पोऱ्याले घरना पैसा कबूल करेल शे.’

हे त्याचं खरं होतं. नाशिकला त्याच्या मुलाने घर ठरवलं होतं. माझ्या एका शंकेवर त्याचं घर अडून होतं, आणि मला तर शंकेचं नावही सांगता येत नव्हतं.

शनिवारी मी स्वतः लाभ घेऊन निघालो. सविताला आधी फोन केला. ती सुट्टी म्हणून पाड्यावरच होती. घाटात पळस तसाच होता. जीपमध्ये माणसं चौदा मोजली, रस्ता पुष्कळ सुधारला आहे. टपावर मात्र ढोल होताच.

वेस्ता आता बाजेवर असतो. कानाने कमी ऐकतो. त्याची बायको जामलीबाई चुलीपाशी मक्याची भाकरी थापत होती. सविताने पाणी दिलं. मी पिशवी हातातच धरून, उभ्यानेच सगळं सांगितलं: जमीन विकली जाते आहे, खळं सुभाषच्या वाट्यात आहे म्हणून तेही जातं आहे, कागदावर असं असं वाक्य आहे, तुमचा काही हक्क असेल तर माझ्या सहीच्या आधी सांगा. सविताने पावरीत सांगितलं. सांगताना ती दोनदा थांबली. तिलाही हे शब्द घरात वापरायची सवय नसावी.

वेस्ता बराच वेळ बोलला. सविता म्हणाली, ‘आजोबा म्हणतात, हे तुमचंच आहे. एका वर्षी तुमच्याकडे पुराने बी राहिलं नव्हतं. तुमचे म्हातारे इथे आले, आमच्या म्हाताऱ्याने बी दिलं. मग ठरलं की दर वर्षी पहिलं माप वर ठेवायचं. खाली पूर येतो, वर येत नाही. ठेव आहे ती.’

वेस्ताने बोट दाखवलं. छपराच्या वाशाला एक वाळका भोपळा टांगलेला होता, तोंड शेणाने लिंपलेलं. ‘त्यात आहे,’ सविता म्हणाली. ‘राख घालून ठेवतात. नवीन आलं की जुनं काढून होळीला खातात. तीन वर्षं नवीन आलं नाही, म्हणून आत त्याआधीचंच आहे. खाल्लं नाही.’

मला हायसं वाटलं. ठेव म्हणजे देणं त्यांचं, येणं आमचं. जमिनीशी संबंध नाही. मी मनातल्या मनात सही केलीसुद्धा.

तेवढ्यात चुलीपाशी जामलीबाई काहीतरी म्हणाली आणि वेस्ता ओरडला. ती आणखी मोठ्याने म्हणाली. सविता तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

‘काय म्हणतात?’

‘आजी म्हणते, खोटं. बी-बी काही नाही. तुमचं खळं आहे ना, कडुनिंबाजवळ, तिथे आमची माणसं बाजाराला उतरताना मुक्काम करायची. गुरं बांधायची. तुमच्या म्हाताऱ्याने ती जागा सारवून खळं केलं. आमच्या म्हाताऱ्याने पाहिलं आणि काही म्हटलं नाही. त्या न म्हणण्याचं ते माप.’

‘मग भोपळा?’

सविताने विचारलं. जामलीबाईने भाकरी उलटली. ‘आजी म्हणते, भोपळ्यात कोणीही काहीही ठेवतं.’

दोघं पुन्हा भांडू लागले. सविता म्हणाली, ‘काका, मी लहान होते तेव्हापासून हे असंच आहे. आता मी कोणाचं भाषांतर करू?’

मी विचारलं की यातलं जुनं काय, कोणी कोणाकडून ऐकलं. वेस्ताने बापाकडून ऐकलं होतं. जामलीबाईने सासूकडून. म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर, नवरा-बायकोच्या दोन पिढ्यांनी दोन गोष्टी सांभाळल्या होत्या आणि आमच्या घराने दोन्ही हरवल्या होत्या.

‘मग हक्क मागायचा आहे का?’ मी विचारलं. हे मला विचारावंच लागलं.

वेस्ताने हात हलवला: हक्क कसला? जामलीबाईने मात्र उलट विचारलं. सविताने सांगितलं, ‘घेणारा काय लावणार?’

‘केळी.’

जामलीबाई खळखळून हसली. ‘आजी विचारते, केळीचा लाभ कसा मोजणार? सालासकट की सोलून?’

मीही हसलो आणि पिशवी पुढे केली. कोणी हात पुढे केला नाही. जामलीबाई हसायची थांबली होती. ती माझ्याकडे बघत हळू बोलली, आणि सविताने तितक्याच हळू सांगितलं.

‘आजी म्हणते, आजवर तुम्ही काही म्हणत नव्हता, आम्हीही म्हणत नव्हतो. आता तुम्ही विचारलंत. तर आधी सांगा, हे कशाचं म्हणून देताय? ठेव म्हणून दिलं तर आजोबा घेतील. जागेचं म्हणून दिलं तर ती घेईल. नुसतं कसं घ्यायचं?’

पिशवी माझ्या हातात. खाली ठेवायची नाही, हे आबांनी सांगितलेलं. वेस्ता बाजेवरून बघत होता, जामलीबाई चुलीपाशी. ‘ठेव’ म्हणालो असतो तर सही मोकळी होत होती. ते मी म्हणूही शकत होतो. आकड्यात बसणारी तीच एक गोष्ट होती. पण ते खरं आहे हे मला माहीत नव्हतं. ‘जागेचं’ म्हणालो असतो तर सुभाषचा सौदा बुडाला. तेही खरं आहे हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, ‘मला माहीत नाही.’ जामलीबाईने मान डोलावली, रागाने नाही. मला मक्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. जेवलो, आणि पिशवी घेऊन खाली आलो.

लाभ परत आलेला पाहून काकू बाजेवर उठून बसली. ‘घरमा आणू नको!’ मी म्हटलं, पिशवी भिजेल, उंदीर लागतील. ‘लागू दे. लाभ घरमा येस नही.’ राशीत परत ओतावी तर रास पोत्यांत भरून झालेली. शेवटी ओट्याच्या छपराला, खुंटीला टांगली. येता-जाता डोक्याला लागायची. होळी झाली, धुळवड झाली. गावात पोरं रंग घेऊन फिरत होती आणि मी ओट्यावर बसून त्या पिशवीकडे बघत होतो. सुभाष फोनवर फक्त तारीख विचारायचा. मला त्या दिवसांत वाटायचं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं. मग वाटायचं, एकतीस वर्षांपूर्वीच नीट विचारलं असतं तर आबा होते, धना होता, कोणाला तरी थोडं जास्त आठवलं असतं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? पण वाटायचं दोन्ही.

धुळवडीच्या तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन खळ्यात गेलो. कडुनिंबापासून मोजलं. खळं, त्याच्या भोवतीची गुरं बांधण्याइतकी मोकळी जागा, आणि गाडीवाटेपर्यंतचा तुकडा, सगळं मिळून दोन गुंठ्यांच्या जरा आत भरलं. मी दोन गुंठेच धरले. सुभाषला फोन केला. म्हटलं, सातबारावर आपण एकत्रच आहोत, तोंडी वाटणीची रेघ आपण सरकवू शकतो. खळं माझ्याकडे दे. त्याबदल्यात माझ्या बाजूचे, किशोरच्या बांधाला लागून असलेले दोन गुंठे तुझ्याकडे. तुझे सात एकर बारा तसेच राहतात. ती माती खळ्यापेक्षा चांगली आहे. खळ्याची जागा तुडवून दगड झाली आहे.

‘आणि मंग सही करशी?’

‘करसू.’

‘दादा, तू येडा शे,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘मन्ही माय पण म्हणी ऱ्हायनी व्हती, खयं नको इकू. मी आयकं नही.’

तलाठ्याकडे, मोजणीला, दस्त लिहिणाऱ्याकडे मिळून आठ खेपा झाल्या. किशोरला मी सगळं आधी सांगितलं, बियाण्याची गोष्टही आणि जागेचीही. तो म्हणाला, ‘काका, मला काही कळलं नाही, पण खळ्याकडची गाडीवाट मी बंद करणार नाही.’ गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सही झाली. तिसऱ्या पानावरचं वाक्य तसंच होतं. विकलेल्या जमिनीपुरतं ते आता खरं आहे, निदान मला खोटं वाटत नाही. राहिलेल्या दोन गुंठ्यांबद्दल मी कुठेही काही लिहून दिलेलं नाही. गोंधळ तेवढा माझ्या नावावर करून घेतला, असं फार तर म्हणता येईल. यातून प्रश्न सुटला का? नाही. मी तो फक्त कुंपणाच्या अलीकडे आणला.

पुढच्या वर्षी दादर माझ्या बाजूला पेरायची आहे. किती, ते अजून ठरलेलं नाही. एक माप निघेल एवढी तरी.

पाडव्यानंतरच्या सोमवारी सविता कामाने शहाद्याला आली. स्टँडवर मी पिशवी घेऊन उभा होतो. तिने विचारलं, ‘काका, ठरलं का? कशाचं म्हणून?’

मी म्हणालो, ‘लाभ म्हणून.’

 तिने फोन लावला, पावरीत दोन वाक्यं बोलली, मग ऐकत राहिली. पलीकडून आधी जामलीबाईचा आवाज येत होता, मग दोघांचा.

‘काय म्हणतात?’

‘आजी म्हणते, एवढंच म्हणायचं होतं तर परत कशाला नेलंत?’

चहा झाला. पैसे तिने दिले, मला देऊ दिले नाहीत. मागच्या खेपेची पिशवी तिने परत केली. तळाला मूठभर दादर होती, राखेने करडी झालेली. मी विचारलं, ‘ही पोच म्हणून देता का? मिळाल्याची पावती?’ ती म्हणाली, ‘नाही हो. रिकामी पिशवी देऊ नये म्हणून.’ या खेपेची मूठ चिमण्यांना टाकली नाही. बियाण्याच्या डब्यात, वेगळ्या पुडीत ठेवली आहे.

मोजणीची फी आणि दस्ताचा माझ्याकडचा खर्च मी दिला. जमिनीचे पैसे किशोरने सुभाषला दिले. तो आकडा त्यांचा आहे, मी लिहीत नाही. माझ्याकडून शेवटी दिलं गेलं ते असं: दादर, माप एक, वजन केलेलं नाही. दिलं सविताच्या हाती. वेस्ता आणि जामलीबाई, दोघांच्या नावे.